श्लाफ्लीबाईंचे चारपानी वार्तापत्र

अमेरिकेत गर्भपाताला आणि समलिंगी विवाहाला पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या विरोधामागे केवळ धर्म आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘द फिलिस श्लाफ्ली रिपोर्ट’ या मासिक वार्तापत्राचे जुने अंक सलग वाचावेत. १९६७ साली रिपब्लिकन पक्षाच्या महिला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यानंतर परंपरावादी कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली यांनी आपल्या पाठीराख्यांसाठी ते सुरू केले. त्या स्वतः कॅथलिक होत्या, तरीही प्रारंभीच्या अंकांत धर्मापेक्षा पक्षनेतृत्वावरील रोष आणि साम्यवादाची धास्तीच अधिक आहे.

फेब्रुवारी १९७२ चा अंक सर्वांत वाचनीय आहे. स्त्री-पुरुषांना कायद्याने समान हक्क देऊ पाहणाऱ्या प्रस्तावित घटनादुरुस्तीमुळे पतीवरील पोषणाची कायदेशीर जबाबदारी जाईल आणि मुलींनाही सक्तीने सैन्यात जावे लागेल, असे त्यात बजावले आहे. विनादोष घटस्फोटाचे, म्हणजे जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारे, कायदे नुकतेच येऊ लागले होते. अशा वेळी स्वतःची कमाई नसलेल्या, ऐन उमेदीची वर्षे संसारात घातलेल्या गृहिणीला हा मजकूर आपल्याच मनातली भीती बोलून दाखवणारा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. भीतीपाठोपाठ तिला कामही मिळाले : आमदारांना पत्रे लिहायची, घरी भाजलेला पाव आणि मुरंबा घेऊन विधानभवनात जायचे. माझ्या मते चळवळ टिकली ती या कामामुळे. ३८ राज्यांची संमती आवश्यक असताना ती दुरुस्ती ३५ वर अडली आणि ३० जून १९८२ रोजी मुदत संपली.

पुढच्या अंकांचा दर्जा मात्र घसरतो. १९७७ च्या ह्यूस्टन येथील राष्ट्रीय महिला परिषदेने गर्भपाताच्या आणि समलिंगी स्त्रियांच्या हक्कांचे ठराव संमत केले, श्लाफ्लीबाईंनी त्याच शहरात प्रतिमेळावा भरवला आणि तेव्हापासून हे सारे प्रश्न एकाच संकटाची रूपे म्हणून मांडले जाऊ लागले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या शब्दांत क्वचितच येते आणि एका अंकातली शंका पुढे सिद्ध गोष्टीसारखी वावरते. गृहिणीपदाचा महिमा गाणाऱ्या बाईंनी स्वतः काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक लढवली होती, १९७८ मध्ये कायद्याची पदवीही घेतली, ही विसंगती त्यांच्या वाचकांना खटकली नसावी. १९९२ मध्ये त्यांचा थोरला मुलगा समलिंगी असल्याचे जाहीर झाले; तो आईच्याच संघटनेत काम करत राहिला आणि बाईंची भूमिकाही तीच राहिली. केवळ द्वेष हे कारण इथे पुरत नाही. संघटनेविषयीची निष्ठा आणि अनेक दशकांची सवयही गृहीत धरावी लागते.

अभ्यासकांसाठी शिफारस अवश्य करते, मात्र १९७२ पासून आरंभ करावा आणि एका बैठकीत तीनपेक्षा अधिक अंक वाचू नयेत. चौथ्यापासून तेच युक्तिवाद पुन्हा येतात.