स्विमिंग पूलच्या मेंटेनन्सचं एएमसी घेताय? मिठाचं आधी विचारा

काटोल रोडला आमच्या फार्महाऊसवर छोटा पूल आहे, ३० बाय १५ फूट, पाणी साधारण ५७ हजार लिटर. मेंटेनन्स नागपुरातल्याच एका एजन्सीला एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या करारावर दिलंय. नाव लिहीत नाही, कारण ओळखीच्यांचे पूल दुसऱ्या एजन्स्यांकडे आहेत अन् गत तिकडेही हीच.

चांगलं आधी सांगतो. एजन्सीचा पोरगा वेळेवर येतो, अगदी नवतप्यातही आला. व्हॅक्यूम, स्किमरची जाळी, बॅकवॉश, पीएच, क्लोरीन, सगळं नीट करतो, तळाच्या टाइल्स दिसतात, हिरवं पाणी एकदाही नाही. ज्यांना एवढंच पाहिजे त्यांनी डोळे मिटून एएमसी घ्यावं.

आता मिठाचं. उन्हाळ्यात पाणी तोंडात गेलं की खारट लागायला लागलं, मी म्हटलं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) बघ. त्याच्याकडे आरओवाले वापरतात तसला पेनसारखा मीटर होता, बुडवला, २८५ आलं, अन् हा म्हणतो, "काका, हे तं प्यायच्या पाण्यासारखं आहे!" अरे बाबा, डिस्प्लेच्या कोपऱ्यात बारीक ×१० लिहिलंय, हे मीटर ९९९ च्या वर गेले की असंच दाखवतात. म्हणजे २८५०. बोरचं पाणी ८०० च्या आसपास आहे, मग वरचे दोन हजार आले कुठून?

आपल्याच कॅनमधून. लिक्विड क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते काम करून संपलं की मागे साधं मीठच उरतं. हिशोब असा की १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीन खर्ची पडलं की पाण्यात साधारण १६-१७ पीपीएम मीठ वाढतं. उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम लागतंच, म्हणजे महिन्याला दीडशे पीपीएमच्या जवळपास मीठ. त्यात आपलं ऊन! मे महिन्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडतं असं धरलं तरी या पूलमधून दिवसाला ४०० लिटरच्या वर वाफ होते, ती भरून काढायला बोरचं पाणी सोडायचं, पाणी उडतं अन् क्षार खालीच राहतात. कूलरच्या खसवर मेमध्ये जो पांढरा थर बसतो ना, तेच इथे चालू असतं, फक्त दिसत नाही. महिन्याला दहाएक किलो क्षार नुसते बोरमधून. सँड फिल्टर यातलं काहीच अडवत नाही, तो गाळ पकडतो, विरघळलेलं मीठ नाही.

आता घाबरायचं का, तर नाही. सॉल्ट क्लोरिनेटरवाल्या (मिठापासूनच क्लोरीन बनवणारं यंत्र) पूलमध्ये तर मुद्दाम ३ हजार पीपीएमच्या वर मीठ ठेवतात, समुद्र ३५ हजारांचा असतो. पोहणाऱ्याला काही होत नाही. त्रास सामानाला. आमची शिडी ३०४ ग्रेडच्या स्टीलची, तिच्यावर चहाच्या रंगाचे डाग आलेत (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारी ३१६ घ्यायला पाहिजे होती, एजन्सीनं बसवताना चकार शब्द काढला नाही), अन् काठाच्या धोलपूर दगडाचे पापुद्रे सुटताहेत, कारण खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं अन् मीठ आतून फुगतं. भरतेवेळच्या पाण्यापेक्षा टीडीएस दीड हजारानं वर गेला की थोडं पाणी बदला, असा या धंद्यातला जुना नियम आहे. आम्हाला तो कोणी सांगितला नाही.

एजन्सीच्या ऑफिसचं उत्तर काय, तर लिक्विड क्लोरीन बंद करा, टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या टाका. मीठ निम्म्यानं कमी वाढेल हे खरं, पण दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड (गोळ्यांतूनच येणारं, क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) चढतं, आमच्या खपात महिन्याला पन्नासच्या वर. ठेवायचं असतं ३० ते ५०. त्याच्या वर गेलं की क्लोरीन मीटरवर दिसतं पण जोर राहत नाही. म्हणजे एक दुखणं काढून दुसरं घ्यायचं, अन् उपाय परत तोच, पाणी बदला.

तर पाणीच बदललं. एक तृतीयांश काढून बोरचं भरलं की २८५० चं २१५० च्या आसपास येतं, बोरचंच ८०० असल्यामुळे यापेक्षा जास्त फरक पडणार नाही. टँकरचं गोडं पाणी मिळालं तर उत्तम. पोरगा म्हणाला काढलेलं पाणी संत्र्याला सोडू, पण आमच्या माळ्यानं पाइपच ओढून घेतला, "झाडाले हे नका देऊ जी, पानं जळतील." बरोबर आहे त्याचं, संत्र्याला खारं पाणी अजिबात सोसत नाही.

पावसाळ्यात मात्र फुकटात काम होतं. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या पूलवर ४० हजार लिटर गोडं पाणी. ओव्हरफ्लो मोकळा ठेवायचा अन् पाऊस चालू असताना पंप चालवायचा, नाहीतर वरचं हलकं गोडं पाणीच आधी वाहून जातं. अन् एजन्सी काय करते, जूनमध्ये पूलवर ताडपत्री बांधून जाते! पण काळ्या मातीत भर पावसात पूल पूर्ण रिकामा करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, खालून पाण्याचा दाब येतो अन् तळ उचलतो.

पाचपैकी तीन स्टार. रिन्यू करतोय, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये हातानं लिहून घेतलंय की दर महिन्याला टीडीएस अन् सायन्युरिक ॲसिडचा आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचा, अन् ताडपत्री आणायची नाही.