नौपाड्यातला कॉपीराइट सल्ला: फी सणसणीत, काम चोख

महापेला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. दवाखान्यांचं बिलिंग जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सखालच्या कोडवर बांधलंय. एका गिऱ्हाइकाने सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला कोड) मागितला आणि पार्टनरची झोपच उडाली, म्हणून या वकीलबाईंकडे गेलो. गोखले रोडला गाडी लावायचं विसरा, स्टेशनवरून चालत या.

बाईंनी आधी लायसन्सची फाइल उघडायला लावली, मग आमचा कोड. मूळ फाइल्समध्येच फेरफार केलेत, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ते रूपांतर. त्याची परवानगी जीपीएलमुळेच मिळते, तर अटीही पाळा. प्रोग्रॅमसोबतच सोर्स दिला की झालं, अख्ख्या गावाला वाटत बसायचं नाही. पैसे घ्यायलाही आडकाठी नाही. नुसतं आपल्या सर्व्हरवर चालवलं तर जीपीएल सोर्स मागत नाही. एजीपीएल म्हणजे जीपीएलचाच कडक अवतार; त्याच्या कोडात बदल केलेत, तर नेटवरून वापरणाऱ्यालाही तो द्यावा लागतो. (हे आमच्या पोरांना ठाऊकच नव्हतं!)

जीपीएलची लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडली की आपला कोडही त्या अटींत ओढला जातो का, यावर मात्र छातीठोक उत्तर दिलं नाही. 'वाद आहे, धोका किती ते सांगते,' म्हणाल्या. मला तेच पटलं.

लेखी मत उशिरा आलं, त्याचा एक स्टार कापलाय.