केशर: काड्या घ्याव्यात की पूड?

पूड सोयीची, यात वाद नाही. टाकली की लगेच रंग. पण एवढ्या महाग वस्तूत भेसळ व्हायचीच, आणि पुडीत हळद किंवा करडईच्या पाकळ्या मिसळल्या तर नुसत्या डोळ्यांना पत्ताही लागत नाही.

काडीचं तसं नाही. एका फुलातून तीनच निघतात. गडद लाल, एका टोकाला तुतारीसारख्या रुंदावलेल्या. दोन काड्या कोमट पाण्यात टाकून बघा. अस्सल काडी सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडते आणि स्वतः बराच वेळ लालच राहते. पाणी क्षणात लालभडक आणि काडी पांढरीफटक? मग तो रंगवलेला माल. जिभेवर ठेवली तर किंचित कडू लागते. गोड लागली की मला शंका येते.

काड्यांची कटकट एकच, अर्धा तास आधी भिजवा. घाई असेल तर चिमूटभर साखरेबरोबर खलात घोटा. झाली ताजी पूड, लागेल तेवढीच. तयार पुडीचा वास तसाही लवकर उडतो. मी तर काड्याच घेते, एक-एक ग्रॅमच्या, आणि डबी घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवते.