घड्याळाचं ९०४एल आणि डब्याचं २०२

रोलेक्स आपल्या घड्याळांच्या ज्या स्टीलला 'ऑयस्टरस्टील' म्हणते ते ९०४एल; असे आकडे म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांची नावं. हे स्टील मुळात रासायनिक कारखान्यांचं, सल्फ्युरिक आम्ल हाताळण्यासाठी बनवलेलं. रोलेक्सने ते १९८५ मध्ये घड्याळात आणलं. त्यात निकेल २३ ते २८ टक्के, मॉलिब्डेनम ४ ते ५, शिवाय १-२ टक्के तांबं. ओमेगा, टिसो यांच्या बहुतेक स्टीलच्या घड्याळांत ३१६एल असतं: निकेल १० ते १४, मॉलिब्डेनम २ ते ३.

खाऱ्या पाण्यात स्टीलला बारीक खड्डे पडतात. त्याला कोणतं स्टील किती दाद देत नाही याचा एक ढोबळ हिशेब आहे: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. भांड्यांच्या नेहमीच्या ३०४ ला साधारण १८-१९ गुण मिळतात, ३१६एलला २४, ९०४एलला ३४-३५. फरक खरा आहे. मनगटावर मात्र तो क्वचितच जाणवतो.

घड्याळ गंजतं ते मागच्या झाकणाच्या आट्यांत आणि गास्केटच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेत. घामाचं मीठ तिथे साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, मग स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर पुन्हा धरत नाही. खाचेत खड्डा पडला की नवं गास्केटही पाणी अडवत नाही. ९०४एल इथे जास्त टिकतं; पण समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुणाऱ्याला आणि गास्केट वेळेवर बदलणाऱ्याला ३१६एल पुरतं. ओरखडे दोन्हींवर सारखेच उठतात. फक्त ९०४एल म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

खरी फसगत भांड्यांत होते, ३०४ च्या नावाखाली २०२ गळ्यात पडतं. ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के. २०२ मध्ये ४ ते ६, बाकीची भर मँगनीजची. नव्या डब्यांत दोन्ही सारखेच चकाकतात. लोहचुंबकाची परीक्षा इथे कुचकामी, कारण २०२ लाही तो चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ दाबून वाकवलेल्या कडेला किंचित ओढलं जातं. बॅटरीवर चालणारं थेंबांचं टेस्टिंग किट मँगनीज दाखवतं, तेच वापरावं. बाटलीच्या तळाचा '३०४' शिक्का पुष्कळदा फक्त आतल्या भांड्यापुरता असतो. सुक्या धान्याला २०२ चालतं, लोणच्याला नाही. थंड पाण्यात मीठ टाकून पातेलं गॅसवर ठेवलं तर तळाशी बसलेलं मीठ ३०४ लाही टोचतं; पाणी उकळल्यावर घालावं.

कोकणात समुद्रालगत गॅलरीचं रेलिंग करायचं तर ३०४ वर काही महिन्यांत चहासारखे तपकिरी डाग येतात. तिथे ३१६ घ्यावं, जोडकाम असेल तर ३१६एल. पॉलिशही गुळगुळीत मागावं, खरखरीत पृष्ठभागावर मीठ अडकतं. वेल्डिंगचा निळा-काळा पट्टा पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून काढून घेतल्याशिवाय फॅब्रिकेटरचं शेवटचं बिल चुकतं करू नये.