'एंटरप्राइज' की 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स': आधी कुठली पूर्वकथा पाहावी?

'स्टार ट्रेक' ही १९६६ ची मूळ अंतराळ-मालिका पाहून झाली, 'एंटरप्राइज' जहाजाचा कप्तान कर्क, व्हल्कन ग्रहाचा वारसा असलेला स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय घरचेच वाटू लागले, की मागे जायची ओढ लागते. हे सगळं सुरू कसं झालं? 'डिस्कव्हरी' ही तिसरी पूर्वकथा इथे बाजूला ठेवतो. दोन सीझन झाल्यावर ती थेट बत्तिसाव्या शतकात जाते, तिथून पुढे ती पूर्वकथा राहतच नाही. खरी निवड दोघींतच आहे. एक 'एंटरप्राइज', २००१ ते २००५, एकूण ९८ भाग, कर्कच्या शंभरएक वर्षं आधीची. दुसरी 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स', २०२२ पासूनची, सीझनला दहाच भाग, आणि कर्कच्या अगदी उंबरठ्यावरची.

कारागिरीचा निकाल आधी देऊन टाकतो, कारण त्यात फारसा वाद नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' सरस आहे. अभिनय, दिसणं, संवादांची लय, सगळ्यांत. अॅन्सन माउंटचा पाइक, म्हणजे कर्कच्या आधीचा एंटरप्राइजचा कप्तान, तर मला फार आवडतो. मूळ मालिकेच्या १९६६ च्या 'द मेनॅजरी' या भागात आपण पाइकला कुठल्या अवस्थेत पाहिलंय ते आठवा: भाजलेला चेहरा, ती बंद खुर्ची, हो-नाही सांगायला लुकलुकणारा एक दिवा. या पाइकला स्वतःचं हे भविष्य ठाऊक आहे, आणि तरी तो सहकाऱ्यांना आपल्या खोलीवर बोलावून स्वतः रांधून वाढतो. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग 'अ क्वालिटी ऑफ मर्सी' हा पूर्वकथा कशी लिहावी याचा नमुना आहे. ज्या अपघातात त्याची ही अवस्था होते तो पाइकने टाळला, तर मूळ मालिकेच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागातल्या शत्रूच्या, रोम्युलन जमातीच्या जहाजासमोर कर्कऐवजी तो उभा राहतो. कर्कने जिथे पाठलाग करून वार केला, तिथे पाइक समजुतीने घेतो आणि त्याच चांगुलपणातून युद्ध पेटतं. मूळ भाग त्यानंतर पुन्हा पाहिला की कर्कचा प्रत्येक निर्णय जास्त जड वाटतो.

'एंटरप्राइज'ची सुरुवात त्यामानाने रखडत होते. पहिले दोन सीझन बरेचसे साचेबद्ध आहेत. निर्जंतुकीकरणाच्या खोलीत अंगाला जेल चोळण्याचे प्रसंग तेव्हाही अनावश्यक होते, आता तर ते फास्ट फॉरवर्ड करावेसेच वाटतात. 'टेम्पोरल कोल्ड वॉर' नावाचं काळप्रवाशांच्या छुप्या युद्धाचं प्रकरण पहिल्याच भागात मोठ्या थाटात उघडलं, पण ते समाधानकारकपणे कधी मिटलं नाही. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस झिंडी या परग्रही शत्रूंचा हल्ला होतो, पृथ्वीवर सत्तर लाख माणसं मरतात आणि तिसऱ्या सीझनला मालिकेला एकदम धार येते. चौथ्यात निर्माते-लेखक मॅनी कोटोंच्या हातात सूत्रं आली आणि ती खऱ्या अर्थाने पूर्वकथा झाली.

आता सातत्याचं. दोन्ही मालिकांच्या चाहत्यांत यावरून इतकी भांडणं झाली आहेत की नवा माणूस बुजून जावा. जहाजाचं पडदे-बटणांचं रूप १९६६ पेक्षा आधुनिक का, हा वाद मी सोडून देतो. ते निर्मितीच्या काळाचं आहे, कथेचं नाही. कथेतले आरोप मात्र ऐकण्यासारखे आहेत. 'एंटरप्राइज'वरचा मुख्य आरोप असा: २१५२ साली, 'माइनफील्ड' या भागात, या मालिकेचा कप्तान आर्चर याला अदृश्य होणारी रोम्युलन जहाजं भेटतात. पण 'बॅलन्स ऑफ टेरर'मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर, स्पॉक अदृश्यतेबद्दल ती तत्त्वतः शक्य असल्यासारखं बोलतो. मग मधल्या काळात सगळे विसरले का? 'ॲक्विझिशन'मध्ये फेरेंगी ही व्यापारी परग्रही जमात येते, नंतरच्या मालिकेतल्या कप्तान पिकार्डच्या काळातल्या पहिल्या भेटीच्या दोनशे वर्षं आधी. 'रीजनरेशन'मध्ये आर्क्टिकच्या बर्फात बोर्ग, म्हणजे पिकार्डच्याच काळातले अर्धयांत्रिक शत्रू, सापडतात. या दोन भागांत एक पळवाट मात्र जपून ठेवलीय: फेरेंगी आपल्या जमातीचं नाव सांगत नाहीत, आणि बोर्गही 'बोर्ग' हा शब्द उच्चारत नाहीत. पळवाट पातळ आहे हे मान्य. पण लेखकांना आपण कशावर पाय ठेवतोय याचं भान होतं, एवढं त्यातून दिसतं.

चौथ्या सीझनला तर त्यांनी जुनी थकबाकी फेडायलाच घेतली. क्लिंगॉन या योद्ध्या परग्रही जमातीची कपाळं साठच्या दशकात सपाट आणि नंतर उंचवट्यांची का, हा चाहत्यांचा सगळ्यात जुना प्रश्न. १९९६ मध्ये वॉर्फ या क्लिंगॉन पात्राने 'आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही' अशा अर्थाचं उत्तर देऊन तो विनोदावर नेला होता. 'अफ्लिक्शन' आणि 'डायव्हर्जन्स' या जोडभागांनी त्याला कारण दिलं: मानवी जनुकीय बदलांचं तंत्र वापरून योद्धे घडवायला गेलेल्या क्लिंगॉनांत साथ पसरली आणि कपाळाचे उंचवटे गेले. रोम्युलन दाखवताना तर त्यांनी खास काळजी घेतली. ते आपल्याला दिसतात, आर्चरच्या लोकांना त्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे ते व्हल्कनांसारखेच दिसतात हा १९६६ चा धक्का शाबूत राहतो. मूळ मालिकेतला सरड्यासारखा गॉर्न दाखवायचा मोह झाला तेव्हा त्यांनी तो आरशातल्या, म्हणजे समांतर, विश्वाच्या भागात आणला, म्हणजे मुख्य काळरेषेला धक्काच नको.

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा हात इथे सैल आहे. गॉर्न हे तिचे मुख्य शत्रू. पाइकच्या जहाजावरची अधिकारी ला'आन हिचं बालपण त्यांनी उद्ध्वस्त केलंय आणि स्टारफ्लीटला, म्हणजे या जहाजांच्या दलाला, ते चांगले माहीत आहेत. १९६७ च्या 'अरीना'मध्ये मात्र कर्कला समोर कोण उभं आहे याची आधी काहीच कल्पना नसते. तिसऱ्या सीझनच्या 'टेरेरियम'मध्ये 'अरीना'तल्याच मेट्रॉन या शक्तिशाली जमातीला आणून हा दुवा जोडायचा प्रयत्न झालाय. प्रामाणिक प्रयत्न आहे, पण मला तो उशिरा मारलेला टाका वाटला. खान या जनुकीय बदलांतून घडवलेल्या हुकूमशहाच्या बाबतीत तर त्यांनी हमरस्ताच काढला. मूळ मालिकेत खानची सत्ता १९९० च्या दशकातली. 'टुमॉरो अँड टुमॉरो अँड टुमॉरो'मधली रोम्युलन हेर सांगते की हे सगळं १९९२ मध्येच व्हायला हवं होतं, पण काळाशी इतक्यांनी छेडछाड केली की घटना पुढे सरकल्या. युक्ती हुशार आहे. माझी अडचण वेगळीच आहे: एकदा हे उत्तर हाताशी आलं, की कुठल्याही विसंगतीला तेच लावता येतं, आणि मग सातत्यावर वाद घालण्यात अर्थच उरत नाही.

तरी माझा कौल यातल्या कशानेही ठरला नाही. तो ठरला 'अमॉक टाइम'ने, सप्टेंबर १९६७ च्या भागाने.

या दोन्ही मालिका झाल्यावर मी तो पुन्हा लावला. स्पॉक आतून तापलेला, कुणालाही जवळ येऊ देत नाही. नर्स चॅपेल त्याच्यासाठी प्लोमीकचं सूप घेऊन जाते, तो वाडगा भिरकावतो. पुढे ती त्याच्या अंधाऱ्या खोलीत येते, जहाज व्हल्कनकडे निघालंय हे सांगायला. तिचे डोळे भरलेले आहेत. तो तिला 'मिस चॅपेल' म्हणतो आणि ती हळूच सांगते की माझं नाव ख्रिस्तीन आहे. तो म्हणतो, ठाऊक आहे, आणि मग तिला त्या नावाने हाक मारतो. कधीच काही न घडलेल्या नात्यातला हा सगळ्यात जवळचा क्षण आहे, आणि लहानपणापासून मी त्यासाठीच तो भाग पाहत आलोय.

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'नंतर तो क्षण माझ्यापुरता मोडला. कारण तिथे हीच ख्रिस्तीन आणि हाच स्पॉक यांचं रीतसर प्रेम झालंय, मोडलंय, त्यावर गाणंसुद्धा म्हणून झालंय. स्पॉकची वाग्दत्त वधू टी'प्रिंग एंटरप्राइजवर येऊन गेलीय, ख्रिस्तीनला ती चांगली माहीत आहे. मग 'अमॉक टाइम'मध्ये टी'प्रिंगचा चेहरा पडद्यावर येतो तेव्हा संपर्क अधिकारी उहुरा, जी पाइकच्या काळापासून याच जहाजावर आहे, ती कोण असं का विचारते? आणि आपलं नाव ज्याला आठवण करून द्यावं लागतं, तो माणूस कधीकाळी आपला होता, हे ख्रिस्तीनच्या चेहऱ्यावर कुठेच का नाही?

याचा बचाव करणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं मी लक्ष देऊन ऐकलंय. मोडलेल्या प्रेमानंतर माणसं मुद्दाम आडनावावर येतात, आणि ख्रिस्तीनचं नाव सांगणं ही त्या दिवसांची आठवण करून देणं आहे, असं ते मांडतात. वाचन सुंदर आहे. कुणाला ते पटलं तर त्यांच्यासाठी दोन्ही मालिका अखंड राहतात आणि त्यांचा मला हेवा वाटतो. मला ते पटत नाही, कारण १९६७ च्या त्या प्रसंगातला संकोच पहिल्यांदा जवळ येणाऱ्यांचा आहे, दुरावलेल्यांचा नाही. चॅपेल झालेल्या मेजल बॅरेटच्या आवाजात मला तरी तो तसाच ऐकू येतो.

अदृश्य जहाजांची चूक माझ्या डोक्याला खटकते, पण ती यंत्राची आहे. वेगळ्या प्रकारचं तंत्रज्ञान असेल, जुनं निकामी ठरलं असेल, काहीतरी मानून पुढे जाता येतं. एखाद्या माणसाला काय आठवतं आणि काय नाही, यात गडबड झाली की तो माणूसच बदलतो, आणि त्याला उपाय सापडत नाही.

आणि याच भागात 'एंटरप्राइज' काय देऊन जाते पाहा. लग्नाच्या विधीसाठी पालखीतून टी'पाऊ ही मान्यवर व्हल्कन वृद्धा येते. फेडरेशन या ग्रहांच्या संघाच्या कौन्सिलवरची जागा नाकारणारी ती एकमेव, असं कर्क सांगतो, आणि मूळ मालिकेत आपण ते दबून ऐकून घेतो. चौथ्या सीझनच्या 'द फोर्ज', 'अवेकनिंग' आणि 'किरशारा' या तीन भागांत ही टी'पाऊ तरुण आहे. पृथ्वीच्या दूतावासातल्या स्फोटाचा खोटा आळ तिच्यावर आलेला आहे, आणि व्हल्कनांचा प्राचीन तत्त्वज्ञ सुराक याची मूळ शिकवण वाचवणाऱ्या बंडखोरांत ती वाळवंटात लपून राहते. पहिल्या तीन सीझनमधले व्हल्कन एवढे आढ्यताखोर आणि खोटं बोलणारे का, हा चाहत्यांचा राग होता. त्याचंही उत्तर इथेच मिळतं. सत्तेतले लोक सुराकच्या वाटेवरून ढळले होते. ही टी'पाऊ पाहून 'अमॉक टाइम'कडे गेलात, की त्या म्हाताऱ्या बाईच्या एका नजरेने सगळे गप्प का होतात ते कळतं. मूळ भागातली एक ओळही न बदलता तो भाग मोठा होतो.

म्हणून, फक्त चांगली मालिका हवी असेल, वेळ कमी असेल, मूळ मालिका धूसरच आठवत असेल, तर 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' घ्या. माझी हरकत तुम्हाला जाणवणारही नाही. पण मूळ मालिकेचे प्रसंग ज्यांना पाठ आहेत, त्यांनी आधी 'एंटरप्राइज'कडे जावं असं मला वाटतं. ९८ भागांचा धाक नको. पहिल्या सीझनचा आरंभ, 'द अँडोरियन इन्सिडंट', दुसऱ्यातले 'कार्बन क्रीक' आणि 'रीजनरेशन' एवढं पाहून 'द एक्स्पान्स'पाशी या आणि तिथून पुढे सलग पाहा. 'टेरा प्राइम'वर थांबा. त्यानंतरचा अखेरचा भाग पिकार्डचे सहकारी रायकर आणि ट्रॉय यांच्या होलोडेकवर, म्हणजे आभासी दृश्यांच्या खोलीत, घडतो, आर्चरच्या लोकांना त्यांच्याच निरोपात पाहुणे करून ठेवतो, आणि आर्चरचा अभियंता ट्रिप याला ज्या रीतीने मारतो ती मी आजही स्वीकारलेली नाही. मग 'अमॉक टाइम' पाहा, आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' त्यानंतर लावा.