गाडीतला फ्रिज: गॅसवाला थ्री-वे घ्यायचा की बॅटरीवरचा कॉम्प्रेसर? दोन्ही खान्देशच्या उन्हात वापरून झाल्यावर

पारोळ्याच्या माझ्या मावसभावाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीय, सीटा काढून कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करतोय, आणि गेला महिनाभर रोज रात्री फोन, दादा फ्रिज कोणता बसवू. त्याला मुंबईत एका जुन्या विदेशी कॅम्परमधून काढलेला थ्री-वे फ्रिज स्वस्तात मिळतोय, थ्री-वे म्हणजे गॅसवर चालतो, घरच्या २३० व्होल्टवर चालतो आणि गाडीच्या १२ व्होल्टवर पण. दुसरा पर्याय म्हणजे नवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. मी पहिला दोन वर्षं वापरला आणि दुसऱ्यासोबत आता तीन उन्हाळे झालेत, म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, त्याच्यासारखे अडकलेले अजून चार जण असतीलच.

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. जळगाव-धुळे-नंदुरबारात राहून एप्रिल-मेमध्येही गाडी काढणार असाल तर डोळे झाकून कॉम्प्रेसर. गॅसवाला त्यालाच परवडतो जो हिवाळ्यात जातो, एका जागी सपाटीवर तीन-चार दिवस मुक्काम ठोकतो आणि ज्याला गॅसची कामं स्वतः तपासायचा कंटाळा नाही.

गॅसवाल्याची गंमत अशी की त्यात मोटरच नाही. मागे एक बारीक ज्योत जळते (किंवा लाइटवर असेल तर हीटर तापतो) आणि त्या उष्णतेने आतला अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा होतो, वर जाऊन थंड होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची परत वाफ होते आणि ती होताना डब्यातली उष्णता ओढून घेते, नंतर पाणी त्याला पुन्हा गिळतं आणि चक्र चालू. १९२२ मध्ये स्वीडनच्या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स, हे शोधून काढलं. हॉटेलच्या खोलीतले बिनआवाजाचे बरेच मिनीबार ह्याच पद्धतीचे. माझ्या काकूने पहिल्यांदा मागची जाळी काढलेली असताना ती निळी ज्योत बघितली आणि म्हणाली, "हाऊ फ्रिज शे का चुल्हा शे रे भाऊ?" खरं सांगायचं तर दोन्ही आहे, आणि ह्या फ्रिजची सगळी सुखं-दुःखं त्या चुलीतूनच निघतात.

आधी गरमीचं बघू कारण आपल्याकडे तोच खरा विषय आहे. कुठलाही फ्रिज आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, पण गॅसवाल्याला स्वतःच्या ज्योतीची उष्णता पण टाकायची असते, आणि तीही पंख्याशिवाय, फक्त गरम हवा वर जाते त्या जोरावर. फ्रिजवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, एन म्हणजे बाहेर ३२ डिग्रीपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. विदेशातून आलेल्या जुन्या युनिटवर काय लिहिलंय ते स्टिकरवर बघाच. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त, म्हणजे टी क्लासवाला पण हद्दीबाहेर. माझा फ्रिज मेमध्ये दुपारी आत १४-१५ डिग्री दाखवायचा, पाणी गार लागायचं पण दूध संध्याकाळपर्यंत नासायचं. वरच्या व्हेंटला कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे लावले आणि फ्रिजची बाजू सावलीला राहील अशी निंबाखाली गाडी लावायला लागलो तेव्हा तीन-चार डिग्री उतरले, पण मग दिवसभर सावलीमागे गाडी फिरवत बसायचं का? कॉम्प्रेसरवाला त्याच उन्हात मुकाट ४-५ डिग्रीवर राहतो, फक्त मोटर जास्त वेळ पळते.

थंड व्हायला लागणारा वेळ पण लक्षात घ्या, गॅसवाला रिकाम्यातून थंड व्हायला अख्खी रात्र खातो, कॉम्प्रेसर तास-दीड तासात.

आता उतार. गॅसवाल्याला पंप नाही, आतलं द्रव निव्वळ उताराने वाहतं, त्यामुळे गाडी तिरकी उभी राहिली की ते कोपऱ्यात साचतं, बॉयलर (ज्योतीवर तापणारा भाग) कोरडा पडून जास्त तापतो, आणि गंज लागू नये म्हणून आत घातलेला सोडियम क्रोमेट त्या तापाने खड्यासारखा जमून नळी बुजवतो. हे नुकसान भरून येत नाही, प्रत्येक वेळी थोडं-थोडं साचत जातं. साधारण हिशेब असा की डावी-उजवीकडे ३ डिग्री आणि पुढे-मागे ६ डिग्रीपेक्षा जास्त कल नको, ६० सेंटीमीटर रुंदीवर ३ डिग्री म्हणजे जेमतेम ३ सेंटीमीटर. गाडी चालताना चालतं, कारण हलत-डुलत द्रव दोन्हीकडे जात राहतं. उभ्या गाडीत मात्र नाही.

तोरणमाळला डिसेंबरात आम्ही यशवंत तलावाजवळ थांबलो होतो. जागा दिसायला सपाट. संध्याकाळी गॅस पेटवला, ज्योत छान निळी, निवांत झोपलो. सकाळी चहाला दूध काढलं तर पातेल्यात फुटलं, आत १३ डिग्री, आणि बाहेर आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय! मागून बॉयलर हात लावता येणार नाही इतका तापलेला. गवंड्याकडून आणलेली स्पिरिट लेव्हल फ्रिजच्या आत, फ्रीझरच्या कप्प्याच्या तळाशी ठेवली तर बुडबुडा पूर्ण एका टोकाला. आधी फ्रिज बंद करून तासभर गार होऊ दिला, मग डाव्या चाकांखाली दोन लाकडी गुटके सारून गाडी चढवली, बुडबुडा मध्ये आणला, दुपारपर्यंत आतला पारा उतरायला लागला. तेव्हापासून लेव्हल ड्रायव्हर सीटच्या मागेच टांगलेली. कॉम्प्रेसरवाल्यात ही कटकट नाही, बहुतेक मॉडेल ३० डिग्री तिरके असले तरी चालतात, आपल्या औट्राम घाटात आडव्या जागी थांबा नाहीतर पाटणादेवीच्या उतारावर.

हिशेबात मात्र पहिल्या नजरेला गॅसवाला भारी वाटतो. १०० लिटरच्या आसपासचा फ्रिज दिवसाला साधारण ३०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे ५ किलोच्या छोट्या सिलिंडरवर पंधरा-सोळा दिवस, बॅटरीची चिंता नाही, ढग आले तरी फरक नाही. पण हाच फ्रिज १२ व्होल्टवर टाकला तर हीटर सलग १३० वॅट म्हणजे ११ अँपिअर ओढतो, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) लिथियम बॅटरी नऊ तासात झोपते. म्हणून त्याचा १२ व्होल्ट फक्त इंजिन चालू असतानाच, आणि रिलेमधूनच द्यायचा, इंजिन बंद झालं की आपोआप तुटला पाहिजे. घरच्या लाइटवर सुद्धा हा दिवसाला तीन युनिटच्या आसपास जातो.

कॉम्प्रेसर चालू असताना ४५ ते ६० वॅट घेतो पण थांबत-थांबत, मेमध्ये माझ्या ५० लिटरवाल्याचा हिशेब दिवसाला ६० एएचच्या आसपास बसतो, हिवाळ्यात त्याच्या निम्मा. १०० एएच लिथियम आणि छतावर ३३० वॅटचं सोलर पॅनेल असेल तर उन्हाळ्यात प्रश्नच येत नाही, ऊन जितकं जास्त तितकी बॅटरी भरलेली, हा एकच प्रसंग जिथे आपलं ऊन कामाला येतं. ट्यूब्युलर बॅटरी वापरणार असाल तर निम्मीच वापरायची म्हणून १५० एएच धरा. पावसाळ्यात सलग तीन दिवस ढगाळ राहिलं तर डायनामोवरून चार्जिंगची सोय लागतेच.

कॉम्प्रेसरमध्ये मी खाल्लेला मार पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा त्याची जाहिरात करतोय. पहिल्या महिन्यात मी तो गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीलाच जोडला आणि बॅटरी प्रोटेक्शन (बॅटरी ठराविक व्होल्टच्या खाली उतरली की फ्रिज बंद करणारी सोय) सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेवलं. चाळीसगावजवळ एका शेतात रात्रभर फ्रिज चालला, सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक, आणि शेतमालकाच्या ट्रॅक्टरने ओढून गाडी चालू केली. फ्रिजला वेगळी बॅटरी ठेवा, आणि ते जमत नसेल तर प्रोटेक्शन हायवर ठेवा. दुसरं, वायर. २.५ एमएमची वायर पाच मीटर लांब ओढली की जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टच्या जवळपास पडतो, बॅटरी भरलेली असून फ्रिज एरर देऊन बंद होतो आणि आपण फ्रिजवाल्याला शिव्या घालतो. ६ एमएम घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर कायमचं विसंबू नका, खड्ड्यात तो ढिला पडतो.

गॅसच्या सेफ्टीवर जरा जास्त लिहितो, कारण गॅसवाला घेतलाच तर इथे ढिलाई चालत नाही, अमेरिकेत ह्या प्रकारच्या फ्रिजांमधून आगी लागायला लागल्यावर कंपन्यांना लाखो युनिटं दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली होती. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर बसतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण सील पाहिजे आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजे. सिलिंडर उभाच, पट्ट्याने बांधलेला, आडवा ठेवला तर पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. घरचा लाल सिलिंडर उचलून गाडीत टाकायचा विचार करू नका, तो घरच्या स्वयंपाकासाठीच असतो, दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे, विनासबसिडीचा ५ किलोचा घ्या. रेग्युलेटर साधा लो प्रेशर, फ्रिजच्या स्टिकरवर २८ किंवा ३० मिलीबार लिहिलेलं असतं आणि आपला घरगुती रेग्युलेटर त्याच्याच आसपास देतो. शेवभाजीच्या ढाब्यावर भट्टीला असतो तो हाय प्रेशरवाला चुकूनही नको. नळी सुरक्षा होज, पाच वर्षांनी बदला, आणि दर ट्रिपच्या आधी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून वास कुठून येतो बघणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत!

फ्रिजच्या मागची जागा पण राहत्या भागापासून बंद पाहिजे, हवा खालच्या व्हेंटमधून बाहेरूनच आत यावी आणि वरच्यातून बाहेर जावी. ज्योत निळी आणि स्थिर पाहिजे, पिवळी लवलवायला लागली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू, म्हणून आत सीओचा आणि तळाशी गॅसचा, असे दोन्ही अलार्म लावा. गाडी चालवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, फ्रिज १२ व्होल्टवर. पेट्रोल पंपावर तर प्रश्नच नाही, आणि ऑटो मोडवाले फ्रिज इंजिन बंद झालं की आपणहून गॅसवर जायला बघतात, ठिणगी पाडतात, म्हणून पंपावर वळायच्या आधीच व्हॉल्व्ह आवळलेला असू द्या. वर्षातून एकदा ज्योत मुद्दाम विझवून बघा, मिनिटभराच्या आत सेफ्टी व्हॉल्व्हने गॅस तोडला पाहिजे, खट्ट असा आवाज येतो.

आणि कुंभारीण. ही मातीची घरं बांधणारी माशी आपल्याकडे कुठलंही भोक सोडत नाही, दोन महिने गाडी खळ्यात उभी राहिली तर बर्नरच्या नळीत तिचं घर तयार. बर्नर काढून हवेने साफ करायचा, जेट (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं तोंड) स्पिरिटमध्ये भिजवून फुंकायचा, पिन किंवा तार घालायची नाही, भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते. चिमणीतली काजळी पण वर्षाला काढा.

कॉम्प्रेसरची देखभाल म्हणजे जाळीतली धूळ ब्रशने काढणं, बस. कापसाच्या सीझनला आमच्या रस्त्यांवर ट्रकमधून उडणारा कापूस त्या जाळीत असा जाऊन बसतो की फ्रिज गुरगुरत राहतो आणि थंड होत नाही, तेवढं बघा. दाराचं रबर दोन्हीत सारखंच, नोट धरून दार लावायचं, सहज निघाली तर रबर गेलं.

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, इन्सुलिन सोबत असतं. त्याला २ ते ८ डिग्री लागते, गॅसवाल्यात मेमध्ये ती मिळत नव्हती हेच माझं फ्रिज बदलायचं खरं कारण. पण कॉम्प्रेसरमध्ये उलटा धोका, गार पत्र्याला टेकलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. मी टॉवेलात गुंडाळून डब्यात, पत्र्यापासून लांब ठेवतो आणि बाजूला कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर.

गॅसवाल्याची एकच गोष्ट आठवते, रात्रीची शांतता. कॉम्प्रेसर उशाशी असेल तर पहिले चार दिवस झोप मोडते, नंतर सवय होते.

भाऊ, तू तरीही रविवारी मुंबईला बघायला जाणारच आहेस, मला माहितीय. तर जाताना लेव्हल आणि थर्मामीटर घेऊन जा. आधी मागची जाळी काढ, नळ्यांवर कुठे पिवळी पावडर दिसली किंवा अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास आला तर हातही लावू नको, ते क्रोमेट विषारी असतं, तसाच परत ये. नसेल तर सपाट ठेवून २३० वर लावायला सांग आणि रात्रभर चालू दे, त्याच्याकडे ठेवायची तयारी नसेल तर तिथेच समज. सकाळी आत ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यात थर्मामीटर बुडव. बॉयलर तापलाय पण बाकीच्या नळ्या गारच आहेत म्हणजे नळी बुजलीय. मग तो म्हणेल उलटा करून ठेवा, चालू होतो, कधीकधी होतोही, आठवड्याभरासाठी. आणि घरी आणून आपल्या वेल्डिंगवाल्याकडून नळी उघडायचा उद्योग तर बिलकुल करू नको, आत जबर प्रेशरने अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो.