डिकोडर जळालाच नव्हता

एचओ मापाचं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं माझ्या मॉडेल रेल्वेचं चार आसांचं डिझेल इंजिन दोन वर्षं विनातक्रार चाललं आणि एक दिवस आचके द्यायला लागलं. सांध्यावर अडायचं, बोटाने जरासं ढकललं की पुढे सरकायचं, त्याच वेळी पुढचा दिवा लुकलुकायचा. दोनदा तर कंट्रोलरच्या नॉबला हातही लावलेला नसताना पूर्ण वेगात सुसाट सुटलं आणि वळणावर आडवं झालं. त्याच रुळांवर बाकीची इंजिनं सुरळीत जात होती, म्हणजे दोष याच इंजिनात होता. एवढं मी बरोबर ओळखलं. पुढची तपासणी मात्र स्वतः केली नाही, इंजिन दुरुस्तीला पाठवलं, आणि तिथेच फसवलो गेलो. डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीवर, गाड्या चालवणाऱ्या आणखी कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

दुरुस्तीवाल्या गृहस्थांना फोनवर लक्षणं सांगितली. इंजिन हातात घेण्याआधीच त्यांनी निदान केलं : "डिकोडर गेलाय. आपोआप सुसाट सुटतंय ना? प्रोसेसर जळाला की असंच होतं." डिकोडर म्हणजे हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट. इतक्या ठामपणे सांगितलं की शंकाच आली नाही. दोन दिवसांनी तपकिरी डाग पडलेल्या डिकोडरचा फोटो आला. त्याच कंपनीचा नवा डिकोडर बसवतो म्हणाले. नव्या डिकोडरचे पूर्ण पैसे आणि वर मजुरी मी लगेच भरली. इंजिन परत आलं तेव्हा छान चालत होतं. मी त्यांचे मनापासून आभार मानले, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. तसेच आचके, तसाच लुकलुकता दिवा.

या वेळी इंजिनाचं कवच मी स्वतः उघडलं. डीसीसीत वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच येतात. हुकमातल्या '१' या बिटचा अर्धा भाग जेमतेम ५८ मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे चाक आणि रूळ यांच्यातला संपर्क क्षणभर तुटला तरी हुकूम अर्धवट पोचतो, आणि जास्त वेळ तुटला तर डिकोडर बंद पडून नव्याने सुरू होतो. म्हणून धक्का बसतो त्या क्षणी दिव्याकडे बघा. इंजिन अडखळलं आणि दिवाही लुकलुकला तर आधी वीजपुरवठ्यावर संशय घ्यायचा. दिवा स्थिर राहिला आणि चाल तेवढी बिघडली तर मोटर, तडकलेला गिअर किंवा डिकोडरची मोटरविषयीची सेटिंग्ज बघायची. माझं इंजिन पहिल्या दिवसापासून दिव्याने सांगत होतं की वीज तुटतेय.

मल्टिमीटर सातत्य तपासणीवर ठेवला (जोडणी सलग असली की तो वाजतो), एक टोक सर्किटबोर्डवरच्या पिकअपच्या, म्हणजे चाकांतून वीज घेणाऱ्या पट्ट्यांच्या, जोडणीला आणि दुसरं एकेका चाकाला लावत गेलो. आठ चाकांपैकी दोन चाकांवर पकडीसाठी रबरी कडी आहेत, ती वीज घेत नाहीत. उरली सहा, प्रत्येक बाजूला तीन. उजवीकडची तिन्ही वाजली. डावीकडे एकच वाजलं. भिंगातून पाहिलं तर मागच्या बोगीतली (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतली) तांबूस, केसासारखी बारीक पिकअप पट्टी चाकापासून अलग झालेली, दोघांमध्ये कागद सरकेल एवढी फट. म्हणजे एक अख्खी बाजू एकाच चाकावर तगून होती, आणि त्या चाकावर काळा थर. तो थर साचला की आचके सुरू. दुरुस्तीवाल्यांनी खरं काम केलं असेल तर चाकं पुसण्याचं, म्हणून तीन आठवडे बरे गेले.

चिमट्याने पट्टी हलकेच वाकवून चाकाला टेकवली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कागद रुळांवर आडवा ठेवला, एक बोगी कागदावर, दुसरी उघड्या रुळावर, आणि इंजिन हाताने धरून चाकं फिरू दिली. कागदावर दोन काळे पट्टे उमटले. बोग्यांची अदलाबदल करून पुन्हा तेच केलं.

आता ते सुसाट सुटणं. डिकोडरची सेटिंग्ज सीव्ही नावाच्या क्रमांकित कप्प्यांत साठवलेली असतात. सीव्ही २९ मध्ये ६ हा आकडा असेल तर डिकोडरला साध्या डीसी विजेवर चालायचीही मुभा असते. संपर्क तुटून पुन्हा जुळला की कधीकधी तो रुळांतल्या विजेला डीसी समजतो आणि पूर्ण वेग देतो. ४ वजा करून २ लिहिलं की ती मुभा बंद होते. ज्याला प्रोसेसर जळाल्याचा पुरावा म्हटलं गेलं, ते एवढ्याने थांबलं.

मग डिकोडर नेमका कुठला बसवलाय हे पाहायचं ठरवलं. सीव्ही ८ मध्ये बनवणाऱ्याचा क्रमांक असतो, हे क्रमांक अमेरिकेची एनएमआरए ही मॉडेल रेल्वेवाल्यांची संस्था ठरवून देते. इंजिन घेतलं तेव्हा मी तो वहीत लिहिला होता : १५१, म्हणजे ईएसयू ही कंपनी. इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सीव्ही वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर, ठेवलं, प्रत्येक उत्तराला ते किंचित दचकलं, आणि पडद्यावर आलं १३. हा क्रमांक घरगुती बनावटीच्या डिकोडरांसाठी राखलेला आहे. मग तो जळक्या डिकोडरचा फोटो पुन्हा उघडला. त्यातून लाल, काळी, नारिंगी, करडी अशा वायरी लोंबत होत्या. माझा डिकोडर २१ पिनांचा, थेट बोर्डावर बसणारा. त्याला एकही वायर नव्हती.

फोन केला. "रीसेट केल्यावर तो नंबर बदलतो," म्हणाले. हे खोटं आहे. सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की बऱ्याच डिकोडरांची सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात, बनवणाऱ्याचा क्रमांक होता तोच राहतो. जुना डिकोडर परत मागितला तर "कचऱ्यात गेला". फोटोतल्या वायरींचं विचारल्यावर फोन ठेवला, नंतर उचललाच नाही. माझा चांगला डिकोडर आज दुसऱ्या कुणाच्या इंजिनात 'नवा' म्हणून चालत असेल असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही.

इंजिन कुणाच्याही हाती देण्याआधी कवच काढून डिकोडरचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. सीव्ही ७ आणि ८ वाचून तारखेसह लिहून ठेवा, सातव्यात आवृत्ती असते. डिकोडर बदलायचा झाला तर जुना परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच लेखी कळवा आणि होकार आल्याशिवाय इंजिन देऊ नका. परत घेताना रुळावरची चाल शेवटी बघा. आधी त्यांच्याच प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, तुमच्यासमोर, सीव्ही ८ वाचायला सांगा.